शेजारची सीट

बुधवारी संध्याकाळी भर रस्त्यात माझ्या नवऱ्याने मला वाट करून दिली. मी औषधांच्या दुकानातून बाहेर पडत होते, तो समोरून येत होता, आणि फुटपाथच्या मधोमध कुणीतरी स्कूटर उभी करून ठेवलेली. त्याने चेहरा माझ्याकडे वळवला, एक पाऊल मागे घेतलं आणि मान किंचित लववून म्हणाला, "या बाई, तुम्ही या आधी." इतक्या अदबीने तो माझ्याशी छत्तीस वर्षांत बोललेला नव्हता. मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याला थट्टा येत नाही, ते खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी गेले पुढे. काहीही न बोलता, परक्या बाईसारखी, पिशवी अंगाशी धरून. चार पावलांवर थांबून मागे पाहिलं, तर तो स्कूटरला हात लावून, ती किती लांब आहे हे चाचपून, मग तिला वळसा घालत होता. एकेक गोष्ट तेव्हा जागच्या जागी बसू लागली. वर्षभर वर्तमानपत्र मला मोठ्याने वाचायला लावणं, "माझा चष्मा कुठाय" म्हणत बिल माझ्यापुढे सरकवणं, फोनवर कुणाचा मेसेज आलाय हे विचारणं. मी हे सगळं आळशीपणाच्या नावावर जमा करत आले होते. इस्पितळात एकतीस वर्षं मी चादरी, अभ्रे आणि हिरव्या गाउनांचा साठा सांभाळला; वर किती गेले, खाली किती आले, कुठल्या वॉर्डात काय अडकलं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. आणि घरातल्या घरात एवढी मोठी वस्तू कमी झालेली मला कळली नाही.

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मघाशी औषधांच्या दुकानापाशी कोण भेटलं तुम्हाला?" (तोंडाने मी त्याला अहो-जाहो करते. मनात तो कधीचाच 'तो' झालेला आहे, आणि ते त्याला माहीत नाही की काय कोण जाणे.) "कोण भेटणार?" तो म्हणाला. "होती एक जाडी बाई." "ती मी होते." त्याने रुमाल काढला, त्याची घडी मोडली, पुन्हा तशीच घातली. मग टेबलाकडे तोंड करून म्हणाला, "मधोमध डाग आहे. कडेकडेचं दिसतं." डॉक्टरांना दाखवून वर्ष झालं होतं. "काय म्हणाले?" "गाडी चालवू नका म्हणाले. डॉक्टर काय, काहीही म्हणतात." शनिवार-रविवारला सोमवार जोडून सुट्टी आली होती, आणि त्या तीन दिवसांसाठी त्याने कॅराव्हॅन भाड्याने ठरवलेली होती: आत दोन पलंग, ओटा, टेबल, हात धुवायला बेसिन, सगळं. तीन दिवसांत तीन ऐतिहासिक वास्तू. माझी धाकटी नणंद आणि तिचा नवरा बरोबर येणार. बहिणीला हा प्रवास त्याने कबूल केल्याला अकरा वर्षं झाली होती, आणि दर वर्षी नातेवाईकांत तो हा प्रवास नव्याने कबूल करायचा. "हे तीन दिवस फक्त," तो म्हणाला. "तू शेजारी बसून सांगत जा. तू तशीही बोर्ड वाचतेसच. परत आलो की परवाना तुझ्या हातात देतो. वाटलं तर फाडून टाक." मी हो म्हटलं. हो म्हणताना मनात जे आलं ती भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं.

कारण तो गाडी चालवण्याच्या परवान्यांच्या खात्यात परीक्षक होता. नुसता परीक्षक नव्हे, नावाजलेला. त्याच्या गाडीत बसायचं म्हटलं की ट्रक चालवून आलेले बाप्ये सकाळपासून पाणी प्यायचे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी परवान्याचा अर्ज केला तेव्हा त्याच्या सहकाऱ्याने सहज म्हटलं होतं, वहिनींची परीक्षा मी घेतो, दहा मिनिटांचं काम. हा म्हणाला, नको, लोक म्हणतील साहेबांची बायको. मीच घेतो. पहिल्या वेळी मी आरशात पाहिलं नाही म्हणून नापास झाले. मी पाहिलं होतं. डोळे फिरवून पाहिलं होतं, मान न हलवता. "नुसतं बघून चालत नाही," तो घरी जेवताना म्हणाला, "बघितलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे. मान वळायला हवी." दुसऱ्या वेळी मी मान इतकी वळवली की हनुवटी खांद्याला लागत होती, त्या वेळी थांबण्याच्या रेषेवर चाकं रांगत होती म्हणे. तिसऱ्या वेळी मुलगी पोटात होती, आणि त्याला काही सापडेना. गाडी बंद करून पाच मिनिटं तो कागदाकडे पाहत बसला, मग त्याने लिहिलं, 'आत्मविश्वास कमी'. ते मात्र त्या दिवसापासून खरं झालं. नंतर मी अर्ज केला नाही. शेजारच्या सीटवर बसून रस्त्यावरचे बोर्ड मोठ्याने वाचायची सवय मला तेव्हाच लागली. 'पुढे वळण आहे', 'शाळा, सावकाश', 'पूल अरुंद'. तो खेकसायचा, "मला डोळे आहेत." मुलगी लहान असताना मला बोर्ड-आजी म्हणायची. मी तेव्हा तिशीची होते.

शनिवारी सकाळी कॅराव्हॅनवाल्याच्या यार्डात मी कागदावर बोट ठेवलं आणि नवऱ्याने बोटाच्या शेजारी सही केली. तिथल्या माणसाने किल्ली हातात देत विचारलं, "मोठी गाडी आहे, सवय आहे ना, काका?" त्यावर याने त्याला मोठ्या गाड्यांविषयी दहा मिनिटं असं काही सुनावलं की बिचारा किल्ली दिल्याबद्दल माफी मागायच्या बेताला आला. नणंद आली ती केशरी हॅट घालून, हातात कॅमेरा, मागोमाग तिचा नवरा थर्मास आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा घेऊन. तो दातांचा डॉक्टर. आमच्या घरात त्याला दातवाले म्हणतात. समोरच्याला तोंड उघडायला लावून स्वतः गप्प राहण्याची त्याला धंद्याचीच सवय. "दादा, तू चालवणार म्हटल्यावर मी झोपणार बाई," नणंद म्हणाली आणि मला दंडाला धरून जवळजवळ ढकलतच पुढच्या सीटवर बसवलं. "वहिनी, तू पुढेच. तुझं वाचनालय पुढेच बरं." सगळे हसले. मीही हसले.

आणि मग मी गाडी चालवायला लागले. दुसरा शब्द मला सापडत नाही. सिग्नल लाल, असं मी म्हणायची आणि त्या एवढ्या मोठ्या घराचा वेग माझ्या जिभेखाली मंदावायचा. डावीकडून सायकल. पुढचा ट्रक थांबतोय. पिवळा झाला, हिरवा झाला, आता चला. माझा आवाज गप्पा मारल्यासारखा ठेवायचा, मध्ये मध्ये ढगांबद्दल, गुरांबद्दल, कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गोधडीबद्दलही बोलायचं, म्हणजे मागच्यांना बाई बडबडतेय एवढंच वाटेल. तो आरशात बघायचा. पूर्ण मान वळवून, सावकाश, तीस वर्षं परीक्षेला आलेल्यांकडून मागितलेल्या त्या डौलात. मागे बसलेल्या माणसाला इतकं सुरक्षित वाटावं की डोळा लागावा. आरशात त्याला काय दिसत होतं ते मला माहीत होतं: करड्या डागाभोवती थोडं आकाश. पहिल्या दीड तासात माझ्या ब्लाउजची पाठ भिजली. त्यानंतर मला मजा यायला लागली, आणि ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. छत्तीस वर्षांत माझ्या प्रत्येक शब्दावर त्या माणसाने काहीतरी केलं असे हे पहिले तीन दिवस. मी गप्प झाले की त्याचा उजवा गुडघा थरथरायचा. मी कधीकधी उगाच गप्प व्हायची, अगदी मोकळ्या सरळ रस्त्यावर, आणि गुडघ्याकडे बघायची.

पहिली वास्तू म्हणजे वेढा सोसलेला किल्ला. तटाच्या भिंतीला गोळ्यांचे वण, त्या वणांत कबुतरं, आणि दाराशी काळ्या दगडावर कोरलेला मजकूर. तो पाठीमागे हात बांधून फलकासमोर उभा राहिला. वास्तूंसमोर तो नेहमीच असा उभा राहतो, तपासणीला आल्यासारखा. मी कडेला उभी राहून हळू आवाजात वाचू लागले. तट बांधायला बारा वर्षं लागली, असं लिहिलेलं. का कोण जाणे, तोंडातून बावीस बाहेर पडलं. "बावीस वर्षं!" तो मागे वळून मेहुण्याला म्हणाला. "त्या काळचे लोक. आज बावीस महिन्यांत पडेल असं बांधतात." दातवाल्यांनी फलकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हो ना. बावीस." मला वाटलं, सभ्य माणूस आहे, वाद घालत नाही. दुपारपर्यंत मी त्या वेढ्यात एक आंधळा सेनापती घालून टाकला होता. संध्याकाळी नवरा त्या सेनापतीचं धोरण नणंदेला समजावून सांगत होता आणि ती अंड्याची सालं काढत "अगं बाई, हो का" करत होती. दुसऱ्या दिवशी राणीची समाधी. त्या फलकावर राणीचं नाव, नवऱ्याचं नाव, सनावळी, एवढंच. मी वाचलं: ही समाधी राणीने हयातीतच बांधून घेतली, कारण राजा तिला ओळखत नसे. तो मान फलकाजवळ नेत म्हणाला, "असं लिहिलंय? दगडावर?" मी म्हटलं, "दगडावरच लिहिलंय." त्याने हात पुढे करून अक्षरांवरून बोटं फिरवली, पण त्याला बोटांनी वाचता येत नाही, खडबडीत एवढंच कळलं असेल. त्या दुपारी मला वाटून गेलं की आपण फार नीच बाई आहोत. ते वाटणंही चवीचं होतं, दाढेत अडकलेल्या लवंगेसारखं, जीभ पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

तरी मी त्याला सांभाळत होते. हेही कुठेतरी जमेला धरायला हवं. राणीच्या समाधीवरून निघताना एक म्हातारा हातगाडी ढकलत समोर आला तेव्हा मी इतक्या शांतपणे "थोडं हळू, मग उजवीकडून" म्हटलं की म्हाताऱ्याला कळलंही नाही. कॅराव्हॅनतळावर जागा लावताना मी खिडकीतून डोकं बाहेर काढून वीतवीतभर सांगत होते आणि शेजारच्या गाडीतली बाई कौतुकाने म्हणाली, "किती छान जमतं हो तुम्हा दोघांचं!" रविवारची दुपार कलली तेव्हा माझा घसा बसला होता. दातवाल्यांनी न विचारता मला चघळायच्या गोळ्या दिल्या. "आणखी एकच दिवस, वहिनी," ते म्हणाले. वाटलं, सहज म्हणाले.

सोमवारी सकाळी तो ताजातवाना होता. दोन दिवस निभावले होते, ते त्याच्या खांद्यांवर दिसत होतं. कॉफी पिता पिता बहिणीला म्हणाला, "पुढच्या जोडून सुट्टीला तळ्यांकडे जाऊ. हीच गाडी घेऊ. हात बसलाय आता." मी कप खाली ठेवला. सगळे उठल्यावर ओट्यापाशी त्याला विचारलं, "परवान्याचं काय ठरलं होतं?" "कसला परवाना?" "तुम्ही बुधवारी म्हणालात." "अगं, झालंय का काही? तीन दिवस एक ओरखडा नाही गाडीला. बघू नंतर." तो खाली उतरला, पायरी पायाने चाचपून. मी कप विसळला, पुसला, कप्प्यात ठेवला, कप्पा लावला, आणि मग लक्षात आलं की मी तो दोनदा विसळलाय. मला वाटलं होतं की हे तीन दिवस म्हणजे शेवट आहे. हा शेवट मी माझ्या आवाजाने विकत घेतलाय असं मी धरून चालले होते. त्याच्या हिशेबात ती माझी परीक्षा होती आणि मी पास झाले होते. शेजारच्या सीटवर, कायमची.

तिसरी वास्तू साधीच होती, एक एकटा घुमट, भोवती साखळ्या आणि दगडी खांब. उन्हं चढलेली. पाहून झालं, परत निघायचं. दातवाले गाडीच्या दाराशी थांबून म्हणाले, "दादा, परतीच्या रस्त्यावर तासभर वहिनींना द्या की स्टिअरिंग. तीन दिवस बसून कंटाळल्या असतील." थट्टाच होती, निदान तशा आवाजात होती. नवरा मोठ्याने हसला. "हिला? हिला मी तीनदा नापास केलंय. हिची नजरच नाही रस्त्यावर. पहिल्यापासून नव्हती." नणंद हसली, दातवाले जरा उशिरा हसले आणि आत हात धुवायला गेले. मी माझ्या सीटवर चढून बसले, पट्टा लावला. नणंद गाडीच्या पुढे गेली, घुमट आणि गाडी एका फोटोत यावीत म्हणून मागे मागे सरकत, आणि कॅमेऱ्याचं झाकण पडलं ते उचलायला खाली वाकली. केशरी हॅट, वाकलेली पाठ, दहा फुटांवर. याने गाडी सुरू केली, मान वळवून एक आरसा पाहिला, मान वळवून दुसरा पाहिला, आणि मान सरळ ठेवून विचारलं, "समोर मोकळं आहे?"

मी ऐकलं. हॅट मला स्वच्छ दिसत होती. रिबनीचा काठ एका जागी उसवलेला होता तोसुद्धा. मी बोलले नाही. गप्प राहायचं असं ठरवलं नव्हतं. तोंडात शब्द होता, तयार, आणि मी तो धरून ठेवला, जसा एखाद्या उद्धट वॉर्डबॉयसमोर मी चादरींचा गठ्ठा क्षणभर हातातच ठेवायची, त्याने नीट मागावं म्हणून. त्याने पुन्हा मागितलं नाही. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्याने हो असा घेतला, आयुष्यभर घेतला तसाच, आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी सरकली. एक. नणंदेने मान वर केली. दोन. ती गाडीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तीन. "थांबा!" मी ओरडले, माझ्या बसलेल्या घशातून ते शिट्टीसारखं निघालं. त्याने ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरवलं, दोन्ही एकदम. पुढचा कोपरा नणंदेला घासून दगडी खांबावर गेला आणि मागे ओट्यातले सगळे कप एकदम खाली आले.

नणंद बसलेली होती, पाय लांब करून, मनगट दुसऱ्या हातात धरून, आणि मनगट पाहता पाहता सुजत होतं. दातवाले ओल्या हातांनीच धावत उतरले, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले, बोटं हलवून बघ म्हणाले. राखणदार शिट्टी फुंकत आला. खांब पाहून म्हणाला, "सिमेंटचा आहे, परवाचा. जुना असता तर काही खरं नव्हतं तुमचं." मग मनगट पाहून ओशाळला. मी नणंदेजवळ वाकले. "अगं, फार लागलं का?" तिने माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. "वहिनी, तू बोलली का नाहीस?" हळू आवाजात, दादाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. "दादाने विचारलं तुला. काच खाली होती, मला ऐकू आलं. तू माझ्याकडे बघत होतीस." मी म्हटलं, "त्यांनी मला कशाला विचारायला हवं?" हे खोटं इतकं पातळ होतं की मलाच त्यातून पलीकडचं दिसलं. "आता पुरे गं," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यांचा डॉक्टर यांच्याच दवाखान्याच्या वर बसतो. म्हणून तर तुला पुढे बसवलं." मी दातवाल्यांकडे पाहिलं. ते मनगटाला रुमाल बांधत होते, मान वर न करता म्हणाले, "दादांचं मन कोण मोडणार, वहिनी? आणि तुम्ही होतात ना."

म्हणजे बावीस वर्षं, आंधळा सेनापती, ओळख न देणारा राजा, सगळं त्यांनी फलक वाचून, समजून, गिळलं होतं. तीन दिवस हे दोघे माझ्या जिभेच्या भरवशावर मागे पाय पसरून झोपले होते, आणि मी समजत होते की मीच एकटी जागी आहे. राग यायला हवा होता. आला तो असा की, यांनी एवढा भरवसा माझ्यावर टाकला, तर मला विचारून का नाही टाकला. आणि त्याच्या आत दुसरं काहीतरी, थंड, की विचारलं असतं तरी त्या वाकलेल्या पाठीसमोर मी वेगळं काही केलं असतं का. तो अजून स्टिअरिंगमागेच बसलेला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बरोबर जिथे असायला हवेत तिथे. "काय झालं?" तो विचारत होता. "कुणी सांगेल का मला, काय झालं?" छत्तीस वर्षांत त्याने एवढा साधा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. राखणदार म्हणाला, भाड्याची गाडी आहे तर मालकाला फोन करा, मला वहीत लिहावं लागेल. दातवाले घाईघाईने म्हणाले, "आपण असं म्हणू की ब्रेक लागला नाही. वहिनी? गाड्यांचं होतं असं." नणंदेचं मनगट तिच्या मांडीवर होतं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

मी यार्डाचा नंबर लावला. परवाच्याच माणसाने उचलला. मी सांगितलं की गाडी खांबाला लागली आहे, एका बाईला लागलंय, आणि गाडी न्यायला दुसरा माणूस पाठवा, कारण आमच्या चालकाला दिसत नाही. "म्हणजे? धुकं होतं का?" त्याने विचारलं. "नाही. लख्ख ऊन आहे. चालकाला दिसत नाही. वर्षभरापासून." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. दातवाल्यांनी डोळे मिटले. माझा आवाज बसलेला होता तरी गाडीची काच खाली होती, आणि त्याला ऐकू अजून उत्तम येतं. "मग फॉर्मवर चालक म्हणून कुणाचं नाव घालू, बाई?" माणूस म्हणाला. "एकच ओळ आहे." मी नवऱ्याचं नाव सांगितलं, पूर्ण, त्याच्या वडिलांच्या नावासकट, आडनाव सावकाश. मग परवान्याचा नंबर सांगितला. तो मला पाठ होता.

स्टिअरिंगमागून तो म्हणाला, "वेळ पण सांग. वेळेशिवाय फॉर्म पुरा होत नाही." परीक्षकाचाच आवाज, कोरडा, फक्त शेवटचा शब्द जरा खाली पडला. त्याने किल्ली काढली, सीटवर ठेवली, माझ्या सीटवर, आणि हात मांडीवर घेतले. मी घड्याळ पाहून सांगितलं, सव्वाअकरा. माणसाने लिहून घेतलं. त्या तीन सेकंदांबद्दल त्याने काही विचारलं नाही. नणंद माझ्याकडे बघत होती. मी सांगते का, एवढंच ती बघत होती. मी "ठीक आहे" म्हटलं आणि फोन ठेवला.